न दुखणाऱ्या पायाची नोंद



या अंकात उसाच्या नव्या जातीविषयी किंवा खताच्या मात्रेविषयी न लिहिता पायाविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे. पायात काटा मोडला की आपण कळवळतो, बांधावर बसतो, काटा काढतो आणि मगच पुढे जातो. दुखणे हा माणसाचा राखणदार आहे. पण ज्या पायाला काटा मोडल्याचे कळतच नाही, त्या पायाची राखण कोणी करायची? हा प्रश्न आम्हाला रोह्याकडच्या एका घराच्या ओटीवर पडला. त्याचे उत्तरही तिथेच, भिंतीला चिकटवलेल्या वहीच्या एका पानावर सापडले.

झाले असे की, गाळप हंगाम आटोपल्यावर आमचे एक सभासद आपल्या धाकट्या बहिणीला भेटायला निघाले. नावे कोणाचीच देत नाही, तशी त्यांची इच्छा आहे. आपण त्यांना अण्णा म्हणू. आम्हाला पेणला जायचे होते, कारण कारखान्याच्या गणेशोत्सवाची मूर्ती तिथल्या कारागिरांकडे सांगायची होती. तेव्हा एकाच जीपने निघालो. ताम्हिणी घाट उतरून कोलाड, तिथून पुढे रोहा तालुक्यातले ते गाव. भर दुपारी पोचलो, तर अण्णांचे दाजी ओटीवर बादलीत पाय सोडून बसलेले.

अण्णा हसून म्हणाले, "काय दाजी, ऊन लागलं का? पाय गार करताय जणू."

दाजी म्हणाले, "ऊन नाय लागलं. ही आमची औषधाची वेळ. वीस मिनिटं झाल्याबिगर उठायचं नाय."

औषध कसले, तर साधे पाणी. जेवणे झाल्यावर दाजींनी स्वतःच सगळे सांगितले. आधी थोडे अडखळले, मग मोकळे झाले.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीवर फिकट चट्टा उठला होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून दुर्लक्ष केले. मग दोन्ही तळवे जड झाल्यासारखे वाटू लागले. तेव्हा मनात संशय आला आणि संशय आला म्हणूनच लपवले. आपल्याकडे या रोगाला महारोग म्हणत, कोकणात रक्तपिती म्हणत. सरकारी कागदात त्याला कुष्ठरोग म्हणतात. नाव कोणतेही घ्या, माणूस तोंड लपवतो. दाजींनी अशी तीन वर्षे घालवली. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, बारा महिने गोळ्या घेतल्या आणि बरे झाले. रोगजंतू मेले. पण लपवण्यात गेलेल्या त्या तीन वर्षांत पायाच्या नसांचे जे नुकसान झाले होते, ते भरून आले नाही. रोग गेला, बधिरपणा राहिला.

पुढे एके दिवशी बहिणीला सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे डाग दिसले. पाहते तो दाजींच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला जखम. दाजींना पत्ताच नाही. मग हळद झाली, पाला झाला. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सात महिने मलम बदलून पाहिले. त्या सात महिन्यांत "या पायावर चालू नका" हे एक वाक्य मात्र कोणी बोलले नाही. दाजी मलम लावून पुन्हा खाचरात जात. गावात कुजबुज सुरू झाली की रोग परत आला. शेजारच्या लग्नात दाजींची पंगत वेगळी बसवली. हे सांगताना दाजींचा आवाज बसला. बहीण उठून आत गेली.

आधी चप्पल पाहिली

मग उपकेंद्राच्या आरोग्यसेविका घरी आल्या. त्यांनी जखम बघायच्या आधी विचारले, "चप्पल कुठाय?" चप्पल उलटीपालटी केली, आत हात फिरवला आणि टाचेकडून पुढे सरकत अंगठ्याखाली आल्या. तिथे एक चूक वर आली होती. सात महिने दाजी त्या चुकेवर उभे राहत होते. रोग परत आलेला नव्हता. चांभाराकडे दोन मिनिटांत होणारे काम राहिले होते, एवढेच.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. कुष्ठरोगाचा जंतू 1873 मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी शोधला. हा जंतू कातडी आणि नसा धरतो. नस गेली की तीन गोष्टी जातात. एक, संवेदना: भाजले, टोचले, कापले तरी कळत नाही. दोन, घाम: त्यामुळे कातडी कोरडी पडते आणि कोरड्या रानासारखी तिला भेगा जातात. तीन, स्नायूंची ताकद: बोटे वाकडी होतात आणि पायाचा भार चुकीच्या जागी पडतो. लोकांना वाटे की या रोगात बोटे सडून गळतात. तसे नाही. वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 मध्ये आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी वर्षानुवर्षे रुग्णांच्या हातापायांचा माग काढला. त्यांना दिसले की रुग्णाचे मांस इतर कोणाच्याही मांसासारखेच भरून येते. ते पुन्हा पुन्हा दुखावते, आणि दुखावल्याचे मालकाला कळत नाही. काही रुग्णांची बोटे रात्रीत कमी झालेली दिसत. पाळत ठेवली तेव्हा कळले की झोपेत उंदीर कुरतडत होते. औषधाइतकाच मांजर पाळण्याचाही उपयोग झाला.

म्हणजे इथे रोग्याला दुखण्याचे काम डोळ्यांकडून करून घ्यावे लागते. आणि डोळ्यांना सवय नसते, ती लावावी लागते. शुश्रूषेची योजना म्हणतात ती याचसाठी.

भिंतीवरचे पान

सेविकाबाईंनी भाचीच्या वहीचे पान मागून घेतले. त्यावर चार रकाने आखले: काय दिसलं, काय करायचं, कोणी करायचं, झालं का. पण त्याआधी त्यांनी दाजींना एक प्रश्न विचारला, "तुम्हाला काय व्हायला पाहिजे?" दाजी म्हणाले, "यंदा लावणीला माझ्या पायावर उभं राहायचंय." तेच वाक्य पानाच्या माथ्यावर लिहिले. कारण बाईंना माहीत होते की, माणूस डॉक्टरांसाठी पथ्य पाळत नाही. लावणीसाठी पाळतो.

खाली कामे लिहिली. रोज वीस मिनिटे साध्या पाण्यात पाय बुडवायचे, हे दाजींनी स्वतः. मऊ झालेली जाड कातडी खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासायची, ब्लेड लावायचे नाही. कातडी ओली असतानाच खोबरेल तेल चोळायचे, म्हणजे ओलावा आत टिकतो. घाम येत नसलेल्या पायाला पाणी देण्याचा हा मार्ग. जखम स्वच्छ कापडाने झाकायची, हे बहिणीने. संध्याकाळी आरसा धरून दोन्ही तळवे पाहायचे, हे भाचीने. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. जखम भरेपर्यंत परसाकडे जाण्याखेरीज त्या पायावर भार टाकायचा नाही. नांगरट भावकीने सावडीने करून द्यायची. दर आठवड्याला पट्टी जवळ धरून जखमेची लांबी मोजायची आणि पानावर लिहायची.

सगळे लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळी काय काय करणार?" दाजी पहिल्या खेपेला अर्धेच सांगू शकले. बाई चिडल्या नाहीत. पुन्हा सांगितले, पुन्हा विचारले. तिसऱ्या खेपेला दाजींनी सगळे बरोबर म्हणून दाखवले. आम्हाला यात मोठे मर्म वाटते. "समजलं का?" असे विचारले की आपण सगळेच मान डोलावतो. "करून दाखवा" म्हटले की खरे कळते. आपल्या शेतकी मेळाव्यातही हेच होते, नाही का?

पहिल्या आठवड्यात जखम तीन सेंटिमीटर होती. नवव्या आठवड्याला मापाच्या रकान्यात भाचीने शून्य लिहिले. त्या वर्षी दाजी गमबूट घालून लावणीला उभे राहिले. पान अजून भिंतीवर आहे, कारण जखम गेली तरी बधिरपणा आहे, आणि म्हणून रोजची बादलीही आहे. पायात आता चूक नसलेली, मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल असते. एमसीआर चप्पल म्हणतात तिला. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णांना ती मोफत देण्याची तरतूद आहे.

गागोद्याची आठवण

दुसऱ्या दिवशी पेणला निघालो तेव्हा दाजीही जीपमध्ये बसले. नागोठणे मागे पडल्यावर ते म्हणाले, "विनोबा आमच्याच जिल्ह्यातले, ठाऊक आहे ना? पेण तालुक्यातलं गागोदं."

ठाऊक होते. विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा, गागोद्याचा. पण दाजींना भूदान सांगायचे नव्हते. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांची वसाहत सुरू केली, ते त्यांना सांगायचे होते. जवळच सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात परचुरे शास्त्री आले होते. संस्कृतचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबर असलेले, आणि कुष्ठरोगाने खंगलेले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आश्रमात लहान मुले होती, लोक बिचकत होते. गांधीजींनी त्यांना आपल्या जवळच कुटी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करू लागले. ती परचुरे कुटी सेवाग्रामला आजही दाखवतात. पुढे शास्त्रीजी दत्तपूरला राहिले आणि 1945 मध्ये वारले.

दाजी म्हणाले, "त्यांचा रोग बरा झाला नाय. पण आश्रमातली लग्नं त्यांनी लावली. भटजी म्हणून पुढं बसले. मला गोळ्यांनी बरं केलं, तरी पंगत वेगळी."

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. पण त्यांच्या वतीने इथे चार गोष्टी छापतो. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो, आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांत पुरा होतो. उपचार सुरू झाले की रुग्णापासून लागण होण्याचा धोका फार लवकर संपतो. 2005 च्या अखेरीस देशातले प्रमाण दर दहा हजारांत एका रुग्णाच्या खाली आले, पण रोग संपला असा त्याचा अर्थ नाही. नवे रुग्ण आजही सापडतात. आणि 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून काढून टाकले गेले. कायदा सुधारला. पंगत सुधारायची आपल्याकडे आहे.

मामांचा पाय

आता या हकीकतीतला जो भाग आमच्या अपेक्षेबाहेरचा होता, तो सांगतो. पेणहून परत येऊन रात्री ओटीवर बसलो होतो. भाचीने दाजींचे तळवे आरशात पाहिले, रकान्यात खूण केली आणि सहज म्हणाली, "मामा, तुम्हाला पण शुगर आहे ना? पाय दाखवा."

अण्णा म्हणाले, "अगं पोरी, माझ्या पायाला काय धाड भरलीय? कधी दुखत नाहीत माझे पाय."

"बाबांचे पण दुखत नव्हते," भाची म्हणाली.

तिने बॉलपेन घेतले. आरोग्यसेविकाबाईंनी तिला शिकवले होते. "डोळे मिटा. पेनचं टोक जिथं लागेल तिथं बोट ठेवा." तिने उजव्या तळव्याला दहा ठिकाणी हलके टेकवले. अण्णांनी सहा ठिकाणी बोट ठेवले. चार ठिकाणी ते नुसते डोळे मिटून वाट पाहत राहिले. मग आरसा आला. करंगळीच्या खाली एक चीर होती, कडेने लाल आणि सुजलेली. त्यात उसाच्या खुंटाची सपकारी होती. अण्णांनी आठवून पाहिले. खोडव्याचे बुडखे छाटताना आठ दिवसांपूर्वी ते अनवाणी रानात गेले होते. आठ दिवस ती सपकारी पायात घेऊन ते फिरत होते, घाट उतरले होते, पेणच्या बाजारात हिंडले होते.

नऊ वर्षे अण्णांना मधुमेह आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात आणि रक्तपुरवठाही कमी होतो. कारण वेगळे, पण पाय तसाच: मुका. रोगी मेहुण्याची विचारपूस करायला गेलेल्या माणसाला कळले की आपण त्याच वाटेने चाललो आहोत, आणि भिंतीवर पान मात्र नाही.

अण्णा गप्प झाले. मग दाजींनीच त्यांचा पाय मांडीवर घेतला, स्वच्छ धुतला आणि कोरडा करून बांधला. आम्ही पाहत होतो. पंगतीत ज्याच्या शेजारी बसायला लोक कचरले, त्या माणसाचे हात फार जपून चालत होते.

सकाळी निघून अण्णा थेट दवाखान्यात गेले. सपकारी काढली, औषध सुरू झाले, सहा आठवड्यांत जखम भरली. आणखी आठ दिवस गेले असते तर काय झाले असते, ते डॉक्टरांनी सांगितले नाही आणि अण्णांनी विचारले नाही.

सभासदांसाठी

साखर पोत्यात असावी, रक्तात नव्हे. पण ज्यांच्या रक्तात ती आली आहे, ज्यांचा कुष्ठरोग बरा होऊनही तळवे बधिर राहिले आहेत, त्यांच्यासाठी एवढे सांगतो.

अनवाणी चालू नये, घरात नाही, देवळाच्या तापलेल्या फरशीवर नाही आणि खोडव्यात तर मुळीच नाही. रानात बंद बूट घालावा. घालण्याआधी तो झटकून आत हात घालून पाहावा, कारण खडा, खिळा, विंचू काहीही असू शकते. आंघोळीचे पाणी पायाने अजमावू नये. कोपराने पाहावे किंवा घरच्याला हात घालायला सांगावा. थंडीत शेकोटीला तळवे लावू नयेत. रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. दिसत नसेल तर आरसा घ्यावा, नजर कमी असेल तर घरच्याने पाहावे. हाताच्या पाठीने चाचपावे, एखादी जागा इतरांपेक्षा गरम लागली तर तिथे भार पडतो आहे असे समजून पायाला विश्रांती द्यावी. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर कुरपाची औषधी पट्टीही लावू नये.

एक फरक ध्यानात ठेवावा. कुष्ठरोगाने कोरड्या झालेल्या पायाला रोज पाण्यात बुडवणे हिताचे. मधुमेहाचा पाय मात्र बादलीत बुडवून ठेवू नये. धुवावा, लगेच टिपून कोरडा करावा, तेल तळव्याला लावावे, बोटांच्या बेचक्यांत नको. दाजींचे पान अण्णांच्या भिंतीवर जसेच्या तसे चालत नाही. ज्याची त्याची योजना वेगळी असते, आणि ती आपल्या डॉक्टरांकडून किंवा सेविकेकडून करून घ्यावी.

जखमेवर चालणे बंद, हे पहिले औषध. पाय सुजला, लाली वर चढू लागली, घाण वास आला, काळेपणा दिसला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुखत नाही म्हणून थांबू नये. अंगावर फिकट किंवा तांबूस बधिर चट्टा दिसला तर आशाताईंना दाखवावा. आणि कुष्ठरोगाचे औषध चालू असताना किंवा संपल्यावर चट्टे लाल होऊन सुजले, नस दुखू लागली, हातापायातली ताकद गेली किंवा डोळा मिटेना, तर ताबडतोब केंद्रात जावे. वेळेवर गेल्यास नस वाचू शकते.

आपण उसाची नोंद वेळेवर करतो. लागणीची तारीख, गट नंबर, जात, क्षेत्र, सगळे लिहून देतो. नोंद नसेल तर तोड मिळत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग ज्या पायावर उभे राहून हे सगळे करायचे, त्याची नोंद कुठे आहे? वहीचे एक पान, चार रकाने आणि घरातले एक माणूस, एवढाच खर्च आहे.

अण्णांच्या घरी ते पान आता लागले आहे. माथ्यावर काय लिहिले आहे, असे आम्ही विचारले. अण्णा म्हणाले, "नातीच्या लग्नात मांडवात उभं राहायचंय." नात दुसरीत आहे. म्हणजे अण्णांनी बऱ्याच वर्षांची नोंद केली आहे.